मसऊदाच्या वाटणीचं पाणी

मी एक जुनी दगडी फणी आहे, मित्रांनो. केस विंचरायची नव्हे, पाणी वाटायची. वाळवंटातल्या तिनूरा गावाच्या वेशीजवळ आमचा फोगारा जमिनीतून वर येतो, तिथे मला आडवी बसवली आहे. फोगारा म्हणजे पठारापासून गावापर्यंत हाताने खोदलेला भुयारी पाट. त्याला ना मोट लागते, ना इंजिन. पाणी उतारावरून आपल्या पायांनी चालत येते, माझ्या मागच्या कुंडात साठते आणि माझ्या खाचांमधून ज्याच्या त्याच्या बागेकडे निघून जाते. ज्याचा वाटा मोठा त्याची खाच रुंद, ज्याचा लहान त्याची अरुंद. माझे वय मात्र विचारू नका. मला घडवणाऱ्या पाथरवटाचे खापरपणतू आता पांढऱ्या दाढीचे झाले आहेत.

आमच्याकडे बाप लेकीला लग्नात पाणी देतो. मसऊदाच्या बापाने तिला एक बोट पाणी दिले. आमच्या मापात ते फार नाही, पण बारा खजुरी आणि खाली थोडी मेथी जगवायला पुरते. जलूल तेव्हा तरुण होता आणि नुकताच गावाचा पाणीमोज्या झाला होता. वऱ्हाडासमोर त्याने माझ्या काठावर छिन्नी धरली आणि मसऊदाच्या नावाची खाच पाडली. दुखले, खोटे कशाला सांगू! पण त्या खाचेतून पहिली धार पडली आणि नवरी हसता हसता रडू लागली, तेव्हा माझे दुखणे मी विसरले.

त्यानंतर ती रोज सकाळी यायची. धारेत हात धरायची, तोंड धुवायची, पाटातले पान काढून टाकायची. पुढे तिचा नवरा वारला. मुलगा तेलाच्या विहिरींवर कामाला गेला आणि तिकडचाच झाला. तिला उरल्या त्या बारा खजुरी आणि माझ्यातली ती खाच. ती मला म्हणायची, "बाई गं, तू आहेस म्हणून मी कुणाच्या दारात उभी नाही." एखाद्या दगडाचे याहून मोठे कौतुक काय व्हायचे?

मग दिवस फिरले. भुयार तीन ठिकाणी ढासळले. पूर्वी गावातली माणसे दोर बांधून खाली उतरायची आणि गाणी म्हणत गाळ उपसायची. आता उतरणारे पाय शहरात गेले. कुंडातली पातळी बोटाबोटाने खाली गेली आणि काठावरची मसऊदाची उथळ खाच सर्वांत आधी कोरडी पडली. ती डोक्यावरून घागरी वाहून झाडांना पाणी घालू लागली. गुडघ्यांनी दगा दिला, तरी वाहतच होती.

अशातच बातमी आली. जुन्या फोगाऱ्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारने अनुदान काढले होते. उत्तरेकडून एक इंजिनियरबाई येणार, प्रवाह स्वतः मोजणार, आणि ज्यांची अवस्था खरोखर वाईट, त्यांचे भुयार सरकारी खर्चाने बांधून निघणार. मसऊदाने माझ्या पाठीवर हात फिरवला. "ऐकलंस का?" म्हणाली. "जगलो आपण."

पण गावाचा प्रमुख लखदर काळजीत पडला. माझ्यासमोरच बैठक बसली.

"सरकारी पाहुणी यायची आणि तिला सुकं कुंड दाखवायचं? काय म्हणेल ती? या लोकांचं सगळं संपलं?" लखदर म्हणाला.

"अरे बाबा, आजारी माणूस वैद्याकडे जाताना गालाला रंग लावून जातो का?" जलूल म्हणाला.

"तुझं आपलं काहीतरीच! पाहुण्याला कुणी रिकामं ताट दाखवतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची. पाणी दिसलं तर तिला वाटेल, हे गाव जपण्यासारखं आहे. मेलेल्या उंटाला कोण चारा घालतो?"

आणि मित्रांनो, मान हलवणाऱ्यांत मसऊदाही होती. "माझी खाच कोरडी दिसली तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल," ती म्हणाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कुणाला दोष देऊ?

पाहुणी यायच्या दिवशी पहाटेपासून शेजारच्या टोमॅटोच्या मळ्यातल्या इंजिनाच्या विहिरीवरून नळी ओढून माझ्या मागे पाणी सोडले गेले. नळीवर झावळ्या टाकल्या. मसऊदाने मला राखेने घासून लख्ख केले. किती वर्षांनी माझ्या सगळ्या खाचा एकदम वाहत होत्या! पण ते पाणी कोमट होते आणि त्याला डिझेलचा वास होता. मला ओरडून सांगावेसे वाटत होते. दगडाला तोंड नसते.

नसीमा नावाची ती इंजिनियरबाई मनाने चांगली होती. तिने जलूलच्या पाणी मोजायच्या तांब्याच्या पट्टीनेच माप घेतले. आमच्या रिवाजाप्रमाणे पाहुण्याला देतात ते चहाचे तिन्ही पेले रीतसर घेतले. मग वही मिटवून तिने जलूलला हळूच विचारले, "बाबा, पाणी रोज असंच असतं का? संकोच करू नका. मी मदत करायलाच आलेय."

आमच्याकडे एक रीत आहे. फोगाऱ्याच्या तोंडाशी उभे राहून पाण्याची तक्रार कुणी करत नाही. तक्रार केली तर देणारा रुसतो, असे मानतात. कुणी विचारले तर थेंब असो की पूर, उत्तर एकच. जलूलने मसऊदाकडे पाहिले. तिने नजर खाली वळवली. आणि ज्याने आयुष्यभर केसाइतकेही माप चुकवले नव्हते, तो म्हणाला, "देवाची कृपा आहे, लेकी. भरपूर आहे."

तिने पुन्हा विचारले. त्याने पुन्हा तेच सांगितले.

दोन महिन्यांनी पत्र आले. लखदरने ते इथेच मोठ्याने वाचून दाखवले. प्रवाह उत्तम, दुरुस्तीची गरज नाही, अनुदान दुसऱ्या गावाला मंजूर. मसऊदा घागर उचलून निघून गेली.

त्या उन्हाळ्यात भुयार चौथ्या ठिकाणी बसले आणि पाणी थांबले. एकामागून एक बाराही खजुरींचे शेंडे वाळून मान टाकत गेले. मुलगा येऊन मसऊदाला घेऊन गेला. जाताना ती माझ्याजवळ आली नाही. तिला माझ्याकडे बघवणार नव्हते, मला ठाऊक आहे. तरी मला फार लागले. अजून लागते.

परवा दुपारी जलूल काठी टेकत आला आणि कोरड्या कुंडात माझ्यासमोर बसला. मग ताठ बसून, समोर कुणी असल्यासारखे स्वच्छ आवाजात म्हणाला, "नाही, लेकी. रोज असं नसतं. आमचं पाणी चाललंय. आम्हाला मदत कर." एवढे बोलून तो पंच्यात तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, जुन्या गोष्टी मोडायच्या आत दुरुस्त करा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक गोष्ट जास्त कळवळून सांगते. मदत करणारे माणूस दाराशी येऊन विचारेल, तेव्हा लाज वाटली तरी खरे सांगा. जलूल परवा जे बोलला, ते त्या सकाळी बोलला असता, तर मसऊदा आज तिच्या झाडांखाली खजूर वेचत असती.