फ्लशच्या टाकीतले सासरे

संडासाच्या बंद दारासमोर अख्खा मजला श्वास रोखून उभा होता. आत कोणी नव्हते. तरीही फ्लशची टाकी खळखळली, भरली आणि शांत झाली.

"आले!" शेजारच्या काकूंनी हात जोडले.

नुकतेच वारलेले सासरे पाण्याच्या नासाडीवरून उभा जन्म ओरडत आले होते. तेच आता येऊन पाणी वाहवतात, यातली विसंगती फक्त सुनेला दिसत होती. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तिचा घसा "टाकी गळतेय" हे सांगून सुकला होता. त्याहून जिवाला घोर सासूबाईंचा होता. संडासात जायच्या धास्तीने त्यांनी पाणी पिणेच सोडले होते. त्यांना उभे राहताच भोवळ येई. मूत्रपिंडे धोक्यात असल्याचे डॉक्टरांनी बजावले होते.

काकूंनी बोलावलेले जलगुरू आले. "अतृप्त जीव जलमार्गे येतो, आई! मार्गच बांधून टाकतो." टाकीच्या नळावर काळे फडके टाकून त्यांनी खाली हात घातला, मंत्र पुटपुटले. आवाज थांबला. "आता फ्लशला हात लावू नका. बादलीने पाणी ओता."

"काय सूनबाई, आता बोला!" काकूंनी टोमणा मारला.

"बोलते की!" सुनेने फडके ओढले. "हा नळच बंद केलाय, काकू. टाकीत पाणीच येत नाही, तर आवाज कसला येणार?"

तिने नळ सोडला, भरलेल्या टाकीत निळी शाई ओतली. कोणी फ्लशला हात लावला नाही. तरी कमोडमध्ये निळा ओघळ उतरला.

"पाणी असं झिरपतं. पातळी उतरली की तरंगता फुगा खाली येतो, आतली झडप उघडते, टाकी पुन्हा भरते. झालं आगमन!"

"श्रद्धेत शाई कालवू नये," म्हणत जलगुरू जिन्याकडे सरकले.

सुनेने टाकीत हात घालून झिजून भुगा होत आलेली वीट बाहेर काढली. "ही कोणी ठेवली?"

"ह्यांनीच," सासूबाई पुटपुटल्या. "दर वेळी पाणी कमी जावं म्हणून."

विटेचे कण पाणी अडवणाऱ्या तळाच्या रबराखाली अडकले होते. सुनेने रबर पुसून बसवले, फ्लश करून टाकी भरू दिली आणि पुन्हा शाई टाकली. कमोडमधले पाणी नितळच राहिले.

"म्हणजे... ते नव्हतेच?"

"नाही, आई. वीट होती." सुनेने पाण्याचा पेला पुढे केला. "भीती वाटली तर खुशाल सांगा. माझ्या बोलण्यावरही शंका घ्या. पण हात जोडण्याआधी झाकण उघडून बघा हो!"

सासूबाईंनी तिच्या हातून पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"अजून दे."