मुठीएवढी उसंत

नेवाशाच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठाकाठानं गेलं की आसारामची वस्ती लागते. त्या वस्तीच्या अंगणात लेकीच्या हळदीचं जातं मांडलं होतं. जात्याला कुंकू लागलं, खुंट्याला हळकुंड बांधलं गेलं, सुवासिनी गोल करून बसल्या.

या घरची रीत अशी, की नवरीची हळद दळायची ती आत्याच्या ओवीवर. हात कुणाचेही चालतील, गळा आत्याचाच लागतो. आणि आत्या मुक्ताबाईचा गळा तर दोन वर्षांमागं ऑपरेशनात गेला होता. उरली होती नुसती फुंकर, चुलीतला निखारा फुलवावा एवढी.

तरी मुक्ताबाईला धीर होता. गळा जाण्याआधी जोशुआनं तिच्या ओव्या भरून ठेवल्या होत्या. जोशुआ पलीकडच्या वाडीचा, प्रभुदास मास्तरांचा मुलगा. चर्चची भजनं असोत की गावचा सप्ताह, कर्णे त्याचेच. याच अंगणात, याच जात्यापुढं तो माइक लावून बसला होता, आणि समोरून खुंट्याला हात द्यायला होती संस्कृती, आजची नवरी.

सकाळी नवरीच्या भावानं, हर्षलनं, मोबाईलवर ओवी लावली. आपलाच गेलेला आवाज परका होऊन अंगणात आला तशी मुक्ताबाईनं पदर तोंडाशी धरला. पण जातं काही फिरेना. दोन फेरे झाले की हातावर हात आदळत. एक ओळ संपते न संपते तोच दुसरी अंगावर येई. जात्यात हळदीची मूठ घालायची कधी? बाया हसल्या. एक जण म्हणालीसुद्धा, की आत्याला एवढी घाई कुठं जायची लागलीय.

चूक हर्षलची होती, आणि मायेनं केलेली होती. मोबाईलसाठी त्यानं फाईल लहान केली. करताना ॲपनं विचारलं, तेव्हा जात्याची घरघर पुसली आणि ओळींमधल्या रिकाम्या जागाही कापल्या. आत्याचा आवाज नितळ होईल असं त्याला वाटलं. पण दळणारीची ओवी वेगळी. ओळ झाली की गळा थांबतो, जातं थांबत नाही. त्या उसंतीत मूठ पडते. हर्षलनं नेमकी तीच जागा केर समजून झाडून टाकली होती.

राजेश्वरी, नवरीची आई, जवळ सरकली. "वन्सं, वाईट वाटून घिऊ नका. बेलापूरच्या काकूंना म्हनायला सांगू का?"

मुक्ताबाईनं होकाराची मान हलवली. पण भाचीला द्यायला तिच्यापाशी दुसरं होतंच काय?

मांडवाच्या डांबाला कर्णा बांधणारा जोशुआ खाली उतरला. मूळ फाईल आपल्याकडं आहे म्हणाला, आणि लॅपटॉप उघडून ओट्यावर बसला. मग सरळ लॅपटॉपवरूनच वाजव की, असं हर्षलचं म्हणणं. तसं केलं तर कर्ण्यात गुणगुण येते, जोशुआनं सांगितलं. कर्ण्याचं मशीन पेनड्राइव्ह घेतं, पण या जातीची फाईल त्याला वाचता येत नाही. तिची साधी वेव्ह फाईल करायला हवी.

मुक्ताबाई कानाशी येऊन कुजबुजली, "आनखी एकदा बदलायचं? मग उरंल काय त्यात?"

जोशुआ तिच्याकडं वळला. "आत्या, हर्षलनं केलं ते लुगडं कापून पोलकं शिवल्यावानी. माझी फाईल म्हंजी पेटीत घडी घालून ठिवलेलं लुगडं. जागा कमी लागावी म्हनून घडी. एक धागा तुटलेला न्हाई. आता फकस्त घडी मोडायची."

निदान घरघर तरी काढ, हर्षलनं हळूच सुचवलं. जोशुआनं मान वर केली नाही. "ती काढली तर आत्या हवेत गातील."

फाईल तयार झाली, आधीपेक्षा दुपटीला टेकलेली. तरी त्याचं समाधान होईना. त्यानं जुनी आणि नवी एकमेकींवर ठेवली, त्यातल्या एकीची लहर उलटी करून, आणि हेडफोन मुक्ताबाईच्या कानावर चढवला.

काही नाही. अगदी काहीच नाही. मुक्ताबाईचा चेहरा उतरला. तिनं गळ्यावर हात ठेवला.

"गेला न्हाई, आत्या," जोशुआ हसला. "एका पारड्यात जुनं, दुसऱ्यात नवं. सारखं तेवढं एकमेकाला खाऊन टाकतं. रतीभर फरक असता तर तेवढा ऐकू आला असता. काटा मधोमध हाय."

मुक्ताबाई त्या शांततेत तशीच बसून राहिली. केवढी राखण केली होती या माणसानं. तिच्या गळ्याची तर केलीच, पण तो गळा जिथं जिथं गप्प होता त्या जागांचीही.

मग कर्णा बोलला. आधी जात्याची घरघर आली, तिच्या मागून बांगड्या, आणि मग गळा.

*हळद दळिते बाई, जात्याला सोन्याची कड,*
*भाचीच्या पावलांनी अंगण झालं जड.*

ओळ थांबली. कर्ण्यातल्या जात्यात मूठ पडली, आणि त्याच घटकेला अंगणातल्या जात्यातही. हात एकमेकांत मिळाले. पिवळी धार जात्याच्या पाळीवरून झरू लागली. नवरीनं मान वर करून आत्याकडं पाहिलं. तेव्हाची तिची बांगडीही कर्ण्यात वाजत होती.

मुक्ताबाईनं बायांमध्ये हात घालून खुंटा धरला. ओठ हलत होते, आवाज कर्ण्यातून येत होता, आणि दोहोंत सुईही शिरली नसती.

ओव्या सरल्या. जोशुआनं शेवटही छाटला नव्हता. कर्ण्यातलं जातं मंदावत गेलं, तसे अंगणातले हात सैल पडले, आणि दोन्ही दगड बरोबरच थांबले.

मुक्ताबाई उठली. बोटावर ओली नव्हे, कोरडीच हळद घेऊन तिनं आधी भाचीच्या गालाला लावली आणि मग ओट्यावरच्या जोशुआच्या कपाळाला.

"घडी बरी मोडलीस, पोरा," ती फुंकरीएवढ्या आवाजात म्हणाली.