हरभऱ्याची आंब

दुष्काळानंतरचं ते पहिलंच बरं साल, आणि नेमका त्याच कार्तिकात गेणू तापानं गेला. त्याची बायको कुसाबाई तेव्हापासून माजघराच्या कोपऱ्यात बसून होती. नवरा गेल्यावर बाईनं वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही, ही त्या घराची रीत.

पौषातल्या एका पहाटे ती उठली, घोंगडं डोक्यावरून घेतलं, कडी काढली आणि सरळ मळ्याची वाट धरली.

धुक्यानं चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. निफाडकडची थंडी, अनवाणी पाय बधिर झाले. हरभऱ्याच्या रानात शिरली तशी आंबेनं पोटऱ्या चरचरल्या. झाडाच्या अंगावर रात्रभर साठलेलं ते आंबट पाणी. याच रानात पेरणीला गेणूनं बैल हाकले होते आणि तिनं चाड्यावर बियाण्याची मूठ धरली होती. आता घाटे लागले होते.

तिनं पानांवरून हात फिरवला, बोटं जिभेला लावली. आंबट, खारट. कोपऱ्यात बसल्यापासून तिच्या तोंडाला चव म्हणून उरली नव्हती. ती तिथंच उभी राहून रडली. भजनात ज्याला एवढं आळवतात, तो या गारठ्यात आपल्या जिभेवर उतरला, असं तिला वाटलं. त्यानं तिचं कपाळ बघितलं नव्हतं.

परतताना मारुतीच्या देवळापुढं शेकोटी पेटलेली. माणसांत धाकटा दीर सावळीराम बसला होता. तिला बघून तो उठला.

"वहिनी, कुठं गेलती? वर्ष सरलं नाय अजून."

"देवाला गेलते."

"देऊळ तर हे हाय."

"हे तुमचं, भाऊजी. माझा देव हरभऱ्यात हाय."

"लोक काय म्हणतील?"

"हे काय, लोक बसलेत. विचारा त्यांना."

ती शेकोटीजवळ टेकली आणि ओले पाय जाळापुढं धरले. म्हातारा नाथा जरा सरकून बसला, तिला जागा झाली.

सावळीराम तिच्या मागोमाग घरी आला. "आई, हिला सांग काहीतरी."

सासू धोंडाबाई दारातच होती. तीही तरुणपणीच विधवा झालेली. ती सुनेच्या पायांकडे बघत राहिली.

"घाटे भरले का गं?"

"भरत आलेत, आत्याबाई."

"मला कोणी जाऊ दिलं नव्हतं," म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सावळीरामनं दाराला कुलूप घातलं. कुसाबाई गोठ्यातून बाहेर पडली. त्याच्या पुढच्या पहाटे कुलूप नव्हतं.