हिरवी रेघ आणि तेजोबाबांची बोटं

सभागृहातले दिवे मालवले आणि दाटीवाटीने बसलेली माणसं एकदम चिडीचूप झाली. व्यासपीठावर एक टेबल, टेबलावर पाण्याचे दोन काचेचे पेले आणि टेबलामागे तेजोबाबा. बाबांनी हातातल्या लेसर बॅटरीचा हिरवा झोत पहिल्या पेल्यावर सोडला. पेल्यात काहीच दिसलं नाही. हिरवा ठिपका थेट पलीकडच्या भिंतीवर जाऊन बसला.

"हे मेलेलं पाणी," बाबा म्हणाले. "तुम्ही रोज पिता ते."

मग त्यांनी दुसऱ्या पेल्यात तीन बोटं बुडवली, डोळे मिटले, ओठ पुटपुटले आणि पाणी ढवळलं. पुन्हा झोत सोडला, तर पेल्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत हिरवीगार रेघ लखलखली. लोकांच्या तोंडून 'अहाहा' निघालं. पहिल्या रांगेतला एक गृहस्थ हुंदके देऊन रडू लागला. तो प्रत्येक सभेला रडतो, ती त्याची सेवाच आहे, असं मला नंतर कळलं.

"पाणी जागं झालं," बाबा म्हणाले. "यात नॅनोतेज आहे. शास्त्रज्ञ जन्मभर नॅनो-नॅनो करत बसलेत, आमच्या बोटांत ते उपजत आहे. ज्याच्या पोटात ही रेघ गेली, त्याला गोळी नको, इंजेक्शन नको."

पोटात गेलेली रेघ तिथेही चमकते का, हे बघायला अजून कुणी बॅटरी गिळली नव्हती.

"बघितलंस?" शेजारी बसलेली माझी मावशी कुजबुजली. "नुसत्या दुधावर राहतात गं ते." बाबांच्या हाताशी दुधाचा कटोरा होता खरा, आणि पोटाचा घेर बघता तो दिवसातून बऱ्याचदा भरावा लागत असणार.

मी हसून सोडून दिलं असतं. पण मावशीला मधुमेह होता, पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, आणि बाबांचं पाणी सुरू झाल्यापासून तिच्या गोळ्या कपाटात पडून होत्या. मी विषय काढला की ती म्हणायची, "रेघ मी या डोळ्यांनी पाहिलीय. तुझ्या डॉक्टरच्या गोळीत दिसते का रेघ?" तिनेच मला लहानाचं मोठं केलं, आणि तो काळपट पडत चाललेला अंगठा बघून माझा जीव खालीवर व्हायचा.

मी रंगाच्या कारखान्यात नोकरीला आहे. रंगातले अतिबारीक कण उजेडाच्या मदतीने कसे मोजायचे, याचं प्रशिक्षण घ्यायला कारखान्याने मला त्याच आठवड्यात एका प्रयोगशाळेत पाठवलं. तिथले शिकवणारे मास्तर मोठे खडूस होते.

"पाण्यात कण असले की लेसरचा उजेड त्यांच्यावर आपटून चहूकडे विखुरतो," ते म्हणाले. "कण पाण्यात सारखे चुळबुळत असतात. लहान कण जास्त चुळबुळे, मोठे कण आळशी. विखुरलेला उजेड किती भराभर लुकलुकतो, ते यंत्र बघतं आणि त्यावरून आकार सांगतं. सरावाला दूध घ्या. स्वस्त आहे, आणि त्यात असे कण मुबलक आहेत."

मी एका चौकोनी कुपीत दुधाचा थेंबभर अंश घातलेलं पाणी भरलं, दुसरीत नुसतं गाळलेलं पाणी. नुसत्या पाण्यात काही सापडायला नको होतं. यंत्राने तिथेही कण दाखवले. मास्तरांनी ती कुपी अंधारात धरून लेसर सोडला, तर आत हिरवी रेघ.

माझ्या अंगावर काटा आला. मास्तरांच्या अंगावर काही आलं नाही.

"पाण्याला बोट लागलं होतं?"

"ढवळताना जरासं."

"त्याआधी ते बोट कुठे होतं?"

"दुधात."

"मग तुम्ही पाणी मोजत नाही आहात, बाई. स्वतःचं बोट मोजताय. हात धुऊन या."

मी हात धुतले, नवं पाणी भरलं. रेघ गायब. मी मोठ्याने हसले, तेव्हा मास्तरांना वाटलं मला वेड लागलं.

पुढच्या सभेला मावशीला काही न सांगता मी तिच्या शेजारी बसले. बाबांचा हात पेल्याकडे गेला तशी मी उभी राहिले. "बाबा, आज हात धुऊन करून दाखवा ना."

बाबा मायेने हसले. "पोरी, सूर्याला कधी कुणी आंघोळ घालतं का?"

सभागृह खो-खो हसलं. मी खाली बसणार, तोच मावशी उठली. तिच्या घरात हात न धुता पाण्याला शिवणाऱ्याची धडगत नसते, आणि ही गोष्ट बाबांच्या बाबतीत तिला आत्ता सुचली होती.

"धुवा की हात," ती म्हणाली. "इतके दिवस मी तुमची बोटं बुडवलेलं पाणी पितेय. निदान ती स्वच्छ तरी असू द्या." आणि तिने पर्समधून साबण काढला.

"साबणाने तेज झोपतं, माई."

"झोपू द्या. बोलावलंत की उठेल."

मागून कुणीतरी "धुवा, धुवा" म्हणालं, आणि मग सगळेच म्हणू लागले. बाबांनी हात धुतले. नव्या पेल्यात बोटं बुडवली, पुटपुटले, झोत सोडला. ठिपका भिंतीवर जाऊन बसला. बाबा आणखी पुटपुटले. ठिपका हलला नाही.

"सभेत कुणी नास्तिक आहे," बाबा घाम पुसत म्हणाले. "त्याने तेज शोषून घेतलं."

"ती मीच," म्हणत मी व्यासपीठावर गेले. बाबांच्या कटोऱ्यात बोट बुडवलं, तेच बोट त्याच पेल्यात ढवळलं आणि झोत सोडला. हिरवीगार रेघ. "हे दूध आहे. त्यातले कण केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी बारीक, म्हणून पाणी स्वच्छच वाटतं, पण उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि रेघ दिसते. तुमच्यापैकी कुणीही करू शकेल."

पहिल्या रांगेतल्या गृहस्थाने गोंधळून आजूबाजूला बघितलं. "मग मी आता रडायचं की नाही?" त्याने विचारलं. लोक कटोऱ्यात बोटं बुडवायला रांग लावत होते आणि बाबा मागच्या दाराने निघाले होते.

घरी आल्या आल्या मावशीने कपाट उघडून गोळी घेतली. "डोळ्यांनी बघितलं होतं गं मी," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचेल, पण अजून थोडे दिवस गेले असते तर कापावा लागला असता. मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून रडून घेतलं.

मावशीच्या डोळ्यांनी तिला फसवलं नव्हतं. रेघ खरीच होती. 'ती कशामुळे दिसते' एवढंच विचारायचं राहिलं होतं, आणि ते विचारायला यंत्र लागत नाही, प्रशिक्षणही लागत नाही. कुणी चमत्कार दाखवत असेल तर खुशाल बघा. फक्त आधी त्याला हात धुवायला सांगा, आणि तोवर तुमची गोळी बंद करू नका.