फाटकाच्या आतलं डिझेल

मित्रांनो, माल भरायच्या आवारात फाटकाजवळच्या खिळ्याला एक काळी पडलेली लाकडी काठी लटकते. ती मी. ट्रकच्या टाकीत किती डिझेल आहे, हे मी सांगत असे.

एका ड्रायव्हरने मला मोडक्या खोक्याच्या फळीतून कापलं. त्याची बायको त्याच आवारात कारकून होती. रिकाम्या टाकीत पाच लिटरचा डबा ओतायचा, मला बुडवायचं आणि ओल्या रेघेवर खाच पाडायची, असं दोघं दिवसभर करत होते. खाचा तिने पाडल्या. सातवी वाकडी आहे. तेव्हा तो तिला हसवत होता.

पुढे मालकांनी धूर आणि डिझेल कमी करायचं ठरवलं. कमी डिझेलमध्ये खेप करणाऱ्याचं नाव फळ्यावर लागू लागलं. गाडी फाटकाबाहेर पडताना मला टाकीत बुडवत आणि परत आली की पुन्हा बुडवत. आमचा ड्रायव्हर गाडी जपून चालवी. अकरा महिने त्याचंच नाव सगळ्यांत वर होतं. मीही फुशारले.

पण माल भरायला दोन-दोन तास लागत आणि तेवढा वेळ इंजिन चालूच असे. बॅटरी बसली होती. बंद केली तर गाडीला धक्का मारावा लागे. गाडी उभी असे ती नेमकी बायकोच्या खिडकीसमोर.

एकदा तिने माल भरण्याआधी आणि भरून झाल्यावर मला बुडवून पाहिलं. एक खाच कमी झाली होती.

"अहो, उभ्या गाडीने पाच लिटर खाल्लं. हे फळ्यावर नको यायला?"

"फाटकाच्या आतलं कोण मोजतं? घरभेदी कुठली," तो म्हणाला.

ती हसली, खोकली आणि तिने खिडकी लावून घेतली. उकाडा होता, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा उघडली.

खोकला वाढत गेला. धुरात किती वर्षं बसत होत्या, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ड्रायव्हर बोटांवर मोजू लागला आणि मध्येच थांबला. "गाडी माझीच होती," एवढंच तो म्हणाला.

ती वाचली नाही.

तो कामावर परतला तो थेट मालकांकडे गेला. यापुढे गाडी आत आल्यापासून डिझेल मोजा, म्हणाला. उभ्या गाडीचं डिझेल धरल्यावर त्याचं नाव फळ्यावर तळाला गेलं. "वरातीमागून घोडं," असं कुणीतरी ऐकवलं. जाऊन त्याने इंजिन बंद केलं. भरून झाल्यावर एकटाच गाडी ढकलायला लागला. मग बाकीचे आले.

बॅटऱ्या त्यानंतर बदलल्या. आता नव्या गाड्यांना डिझेल दाखवणारे काटे आहेत, मला कुणी बुडवत नाही. तो मात्र अधूनमधून येतो, मला पुसतो आणि सातव्या खाचेवर अंगठा ठेवून उभा राहतो.

मित्रांनो, मी कधी खोटं बोलले नाही. पण मला जेव्हा बुडवलं, तेव्हापासूनचंच मी सांगू शकले. तुम्ही काही मोजाल ते सुरुवातीपासून मोजा. गाडी उभी केलीत की इंजिन बंद करा आणि समोर बघा. तिथे कुणाची तरी खिडकी असते.