टेंगळावरची गार

मी गार बोलायलेय. ऐकायचं तर आताच ऐका, वितळायलेय मी.

शिमगा झाला तवा मी निसता थेंब व्हते. येलदरी धरणाकडून आभाळ चढलं. खालून तापलेला वारा आला आन मला उचलून पार वर घिऊन गेला. वर इतकी थंडी, की गोठून साबुदाण्याएवढी झाले. खाली घसरले, वल्या ढगात भिजले, तवर वाऱ्यानं परत वर झोका दिला. जितके झोके, तितके बर्फाचे पापुद्रे, कांद्यावानी. बाकीच्या म्हणल्या, "चल की, उतरू." मी म्हणलं, "अजून एक झोका." लय मजा यायली व्हती. सुपारीएवढी झाले तवा वाऱ्यालाच पेलंना. सुटले ती थेट बोरी गावात.

तिथं म्हाताऱ्या आश्रुबाची गाय नुकतीच व्यालेली. वासरू उघड्या अंगणात, उभंबी ऱ्हायलेलं न्हाई. आश्रुबाची बायकू धुरपताबाई. गारा थांबाव्या म्हणून तिनं चालीपरमानं लोखंडी घमेलं अंगणात फेकलं. आश्रुबानं पळत जाऊन तेच उचललं आन वासरावर धरलं.

"अवो, ते गारा थांबायला टाकलंय. उचलू नका."

"गारा थांबंस्तवर वासरू ऱ्हातंय का?"

"मंग सोताच्या डोस्क्यावर तरी घ्या."

"माजं डोस्कं जुनं हाय. त्याचं कवळं हाय."

तेवढ्यात मी त्याचं टक्कल गाठलं. आश्रुबा मटकन खाली बसला, पण घमेलं हालू दिलं न्हाई.

लाजून मातीत शिरावं वाटलं. त्यात धुरपताबाई म्हणली, "बघा, घमेलं उचललं म्हणूनच लागली."

कशाचं घमेलं, बाई. माजा एक झोका जास्तीचा झाला.

आभाळ निवळलं. तिनं अंगणातली सगळ्यात मोठी गार हुडकली. ती मीच. पदरात गुंडाळून त्याच्या टेंगळावर धरली.

"बरं वाटायलंय का?"

"लय. देवानंच धाडली बग."

ह्या बोलण्यानं मी निम्मी तिथंच वितळले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"वासरू उठलं का?" त्यानं डोळे झाकूनच इचारलं.

"न्हाई अजून."

थेंब थेंब गळत मी त्याच्या हातावर आले. गायीनं ढुशी दिली. वासरू धडपडलं, पडलं, परत उठलं, लटपटत आलं आन त्याचा हात चाटायला लागलं.

आता मी निसती वासराच्या जिभंवरची वल हाय. पोरा, एवढंच ऐक. मोठा झालास की ह्या म्हाताऱ्याला शिंग मारू नगस. तुज्या वाटचं मी मारून ठिवलंय.