प्रबंध दोनदा नेणारा माणूस

शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई स्वतःच्या प्रबंधाचा विषय निघाला की हसून टाकत. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी पुस्तकं चिकटवायची एक खळ शोधून काढली होती. कोमट पाणी लावलं की ती अलगद सुटायची आणि जुना कागद फाटायचा नाही. पदवी मिळाली आणि प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात पडला. "अहो, माझ्याशिवाय तो टायपिस्टने तेवढा वाचलाय, तोही नाइलाजाने," असं त्या नवऱ्याला म्हणत.

म्हणूनच एका दुपारी एक वकीलबाई दारात येऊन "तुमच्या प्रबंधाचं काम होतं" म्हणाल्या, तेव्हा त्या चुकीच्या घरी आल्यात असंच बाईंना वाटलं.

भानगड अशी होती की एका कंपनीने तश्शाच खळीचं पेटंट घेतलं होतं आणि ती वापरतो म्हणून एका म्हाताऱ्या बाइंडरवर दावा ठोकला होता. बाइंडरचं म्हणणं, मी ही खळ पेटंटच्या कितीतरी आधी एका प्रबंधात वाचून शिकलो.

"जे आधीच लोकांसमोर आलंय, त्याचं पेटंट टिकत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण कंपनी म्हणते, कपाटात पडलेला प्रबंध म्हणजे लोकांसमोर येणं नव्हे. म्हणून हे आणलंय."

ग्रंथालयाच्या नोंदवहीची प्रत होती. पेटंटच्या आधी प्रबंध दोनदा बाहेर गेला होता, दोन्ही वेळा त्याच बाइंडरच्या सहीने. बाई त्या सहीकडे बघतच राहिल्या. कुणीतरी वाचला होता की!

कोर्टात बाईंच्या साक्षीच्या वेळी मात्र कंपनीच्या वकिलाने त्यांना खिंडीत गाठलं. "तुम्ही लिहिलंय, नव्वद अंशांवर शिजवा. आमचे शास्त्रज्ञ सांगतात, तेवढ्या आचेवर ही खळ फुटते. मग या प्रबंधातून कुणी काय शिकणार?"

बाईंनी पान पाहिलं. खरंच नव्वद छापलं होतं. टायपिस्टची चूक म्हणून हात झटकता आले असते.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तपासताना नजरेतून सुटली. साठ हवेत. पण पुढच्या पानावरच्या तक्त्यात साठच आहेत. कामातला माणूस तो बघून ओळखेल."

"ओळखलं का कुणी?" न्यायाधीशांनी विचारलं.

मागच्या बाकावरून बाइंडर उठला. "मी ओळखलं, साहेब. पहिल्यांदा नव्वदवर शिजवली, पार चोथापाणी झालं. बायकोने पातेल्यासकट मला बाहेर काढलं. म्हणून तर दुसऱ्यांदा प्रबंध आणला, तेव्हा तक्ता दिसला!"

न्यायाधीशांनाही हसू आवरेना.

महिन्याभराने निकाल आला. सूचीत नोंदलेला, कुणालाही मागून नेता येणारा प्रबंध प्रसिद्धच मानावा आणि जाणकाराला सहज दुरुस्त करता येणाऱ्या चुकीने त्याचं मोल कमी होत नाही, असं म्हणून कोर्टाने पेटंट रद्द केलं.

त्या रविवारी बाई बाइंडरच्या दुकानात गेल्या. शेगडीवर मंद आचेवर खळ शिजत होती.

"यात आणखी काय घातलंय?" त्यांनी वास घेत विचारलं.

"थोडी तुरटी. बुरशी धरत नाही."

हे बाईंना कधी सुचलंच नव्हतं. त्यांनी पर्समधून पेन काढलं. "थोडी म्हणजे किती?"

"चिमूटभर."

"कुणाची चिमूट, तुमची की माझी?"

बाइंडर खो खो हसला आणि फळीवरचा छोटा तराजू काढायला स्टुलावर चढला.